शीतलादीची तीन निरीक्षणं

१९ मे रोजी दुपारी एक ते चार या वेळात वेणापूर शहरातल्या अकरा हजार घरांच्या भिंती तापल्या, आणि त्यांतल्या एका घरात पुष्पाबाई निमजे भिंतीला पाठ टेकून बसल्या त्या उठल्याच नाहीत.

असं काही झालेलं नाही, असं नगरपरिषदेने लेखी कळवलं आहे. ही नगरपरिषद सहसा काहीच लेखी कळवत नाही. तिने एवढे कष्ट घेतलेत तर आपणही तिचा मान राखू. काही झालेलं नाही. आपण जानेवारीपासून सुरुवात करू. तेव्हा खरोखरच काही झालेलं नव्हतं.

वेणापूर हे कोळशाचं गाव. उन्हाळा तिथे फेब्रुवारीतच येतो आणि लांबच्या नातेवाइकासारखा जायचं नाव काढत नाही. दुपारी एसी लावायला राज्यभर बंदी येऊन चार वर्षं झाली होती. कूलरला पाणी लागतं आणि नळ तीन दिवसांतून एकदा यायचा. माणसं दुपारी घराच्या ज्या कोपऱ्यात कमी गरम वाटेल तिथे सरकत, आणि संध्याकाळपर्यंत सगळं कुटुंब मोरीत सापडे.

प्रफुल्ल डहाके, वय चव्वेचाळीस, इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक होता. मुलं त्याला सर म्हणत, सर लोक त्याला डहाके म्हणत. लग्न झालेलं नव्हतं. स्थळं येत, प्रयोगशाळा म्हटल्यावर डॉक्टर समजून चहा घेत, आणि खुलासा झाल्यावर कप अर्धा ठेवून जात. घरी तो आणि बाबा, दोघंच.

प्रफुल्लच्या हाताला एक कला होती, आणि तिच्यासाठी बाहेरगावचे परीक्षकही त्याला मानत. पितळाची विशिष्ट उष्णता काढायचा प्रयोग असला की तो मुलांना सांगायचा, "उत्तर पुस्तकात आहे. ते आधी खाली लिहा. मग वर चढत या." कॅलरीमापी चाळीस वर्षांपूर्वीचा, तापमापीतला पारा मधेच तुटलेला, तास पंचेचाळीस मिनिटांचा आणि मुलं साठ. खरा प्रयोग करणं कोणालाच परवडणारं नव्हतं. पण उलटं गणित करतानाही नजाकत लागते. निरीक्षणं फार जुळली की खोटी दिसतात. म्हणून तो एक किंचित वर ठेवायला सांगे, एक किंचित खाली, आणि एक साफ चुकवून त्यावर काट मारायला सांगे. काट असलेली वही परीक्षक प्रेमाने बघतात. वीस वर्षांत त्याच्या हाताखालून अठराशे मुलं गेली आणि पितळ एकदाही चुकलं नाही.

जानेवारीत नगरपरिषदेकडून एक निळसर लादी आली, दोन बोटं जाड, आणि सोबत एक तक्ता. लादीचं नाव शीतलादी. शासनमान्य चाचणीसाठी जवळची प्रयोगशाळा हीच. तक्त्यात तीन ओळी: पंचवीस अंशांना विशिष्ट उष्णता किती, पस्तीसला किती, पंचेचाळीसला किती.

विशिष्ट उष्णता म्हणजे काय हे ज्याने आलुबोंडा खाल्लाय त्याला वेगळं सांगायला नको. वरचं आवरण गार झालेलं असतं, आपण निर्धास्त चावतो, आणि आतला बटाटा जीभ भाजतो. बटाट्यात पाणी असतं, आणि पाणी हा मोठ्या पोटाचा पदार्थ आहे. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला सव्वाचार ज्यूल उष्णता लागते. तेवढीच उष्णता लोखंडाला दिली तर ते नऊ अंशांनी चढेल. उष्णता दोघांनीही तेवढीच खाल्ली, पण एकाच्या चेहऱ्यावर दिसते, दुसऱ्याच्या दिसत नाही.

ही लादी, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे, पाण्याच्या दहापट खाणारी होती. भिंतीला आतून लावायची. बाहेरून येणारी उष्णता ती गिळत राहणार आणि स्वतः जेमतेम तापणार.

प्रफुल्लने का कोण जाणे, त्या दिवशी पहिलं निरीक्षण खरंच घेतलं. शिपाई रजेवर होता, मुलं स्नेहसंमेलनात होती, आणि नवा तापमापी खोक्यातच पडून होता. पंचवीस अंशांना उत्तर आलं ४१.६. कंपनीच्या पत्रकात ४१.५ होतं. त्याने पुन्हा केलं. ४१.६. नोकरीच्या वीस वर्षांत पहिल्यांदाच प्रयोग करून उत्तर बरोबर आलं होतं. त्याला इतकं भरून आलं की त्याने उरलेल्या दोन ओळींत ४१.२ आणि ४१.९ लिहिलं, सही केली आणि आनंदात घरी गेला. विशिष्ट उष्णता काय, पंचवीसला असते तीच पस्तीसला असते. पितळाची असते.

फेब्रुवारीत एका आठवड्यात अकरा हजार घरांत लाद्या बसल्या. योजनेची अट एवढीच होती की खिडक्या सिलिकॉनने बंद करायच्या आणि कूलर जमा करायचा, कारण दमट हवेत लादीचा गोंद सुटतो. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात कूलरचा डोंगर झाला. पुष्पाबाईंनी आपला कूलर हार घालून, कुंकू लावून पाठवला.

पुष्पाबाई म्हणजे भिंतीला भिंत लागून शेजारी. वय एकाहत्तर. एकट्या राहत आणि सरगुंडे, म्हणजे काडीवर वळलेल्या गव्हाच्या शेवया, करत. मार्चपासून गावाला एक नवीन सवय लागली होती, ती त्यांनीच काढली असा त्यांचा दावा होता. जेवण झालं की शर्ट वर करून किंवा पदर सैल करून भिंतीला पाठ लावायची आणि डोळे मिटायचे. दुपारी गल्लीतून गेलं तर घरोघर माणसं अशीच टेकलेली. पाहुणे आले, तर त्यांना आधी पाणी नव्हे, भिंत द्यायची पद्धत पडली.

"तुह्या सहीची लादी हाय म्हणते बावा," पुष्पाबाई प्रफुल्लला म्हणाल्या. "माह्या पाठीले लई पुण्य लागून रायलं तुह्यं."

प्रफुल्लला आयुष्यात असं कोणी म्हटलं नव्हतं. तो दोन दिवस ताठ चालला.

घरात मात्र त्याचे बाबा, मारोतराव, लादीला एक तापमापी चिकटवून बसले होते. मारोतराव तीस वर्षं खाणीत गॅस तपासायला होते. कामगार खाली उतरायच्या आधी दिवा घेऊन एकट्याने पुढे जायचं, हवेत किती गॅस आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर तपासायला गॅस उरला नाही, म्हणून ते रोज दुपारी दोनला जे सापडेल ते तपासत आणि लिहीत.

एप्रिलच्या शेवटी त्यांनी वही पुढे केली. "चढून रायली बे तुही लादी."

"चढणारच बाबा. हळूहळू चढते. चोवीसवरून अडीच महिन्यांत सत्तावीसवर आली. म्हणजे किती खाल्ली असेल बघा."

"मार्चमदी रात्री गार व्हायची. दिवसा खाल्लेलं रात्री सोडून द्यायची. आता रात्रच गरम. सोडीन कुठं?"

"नाही सोडली तर थोडी आणखी चढेल. तीस होईल, एकतीस. तोवर पाऊस."

"तिसाच्या वर गेल्यावर किती खाते ते?"

"तेवढीच. एक्केचाळीस पॉइंट सहा."

"पाह्यलं का तू?"

प्रफुल्लने वहीचं पान उलटलं. मारोतरावांनी चष्मा काढला.

"पाह्यलं का, विचारून रायलो."

"पंचवीसचं पाहिलं."

"अन् बाकीचे?"

"बाकीचे... साधारण."

मारोतरावांनी वही मिटली. "आमी साधारण लिवलं असतं ना, तर तू जन्मालेच नसता आला," ते म्हणाले आणि तोंड फिरवून भिंतीला टेकले. मग आठवण झाल्यासारखे भिंतीपासून दूर सरकले.

दुसऱ्या दिवशी प्रफुल्लने कपाटातून लादीचा उरलेला तुकडा काढला, पस्तीस अंशांपर्यंत नेला आणि प्रयोग केला. उत्तर आलं २.१. त्याला वाटलं, तापमापी बिघडला. तापमापी बदलला. २.१. पंचेचाळीसला २.०. मग तो एकेक अंशाने वर गेला आणि दिवसभर आलेख काढत बसला.

चोवीस ते एकोणतीस अंशांपर्यंत लादी खरोखर एक्केचाळीस ज्यूल खात होती. तिच्या आतले रेणू एकमेकांचे हात धरून बसलेले असतात. उष्णता आली की ती तापमान वाढवण्यात जात नाही, हे हात सोडवण्यात जाते. एक हात सुटतो, दुसरा सुटतो, आणि लादी गारच राहते. पण हात मोजकेच. एकोणतीस अंशांना शेवटचा हात सुटला की सोडवायला काही उरत नाही. मग आलेली सगळी उष्णता सरळ तापमानात. तीच लादी, तेच ऊन, पण आता ती वीसपट वेगाने चढते. नवा कोरा तवाच म्हणा ना. हात पुन्हा धरायला तिला चोवीसच्या खाली गारवा लागतो, आणि वेणापुरात तो आता थेट नोव्हेंबरात येणार होता.

कंपनी खोटं बोलली नव्हती. तिच्या पत्रकात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "वरच्या तापमानांसाठी स्थानिक चाचणी पाहावी." स्थानिक चाचणी म्हणजे प्रफुल्ल.

त्याने बाबांच्या वहीतले आकडे आलेखावर मांडले. रेघ १९ मेच्या आसपास एकोणतीसला भेटत होती.

नगरपरिषदेत शीतलादी विभागाच्या अभियंता होत्या ऋतुजा नवघरे. प्रफुल्लचीच विद्यार्थिनी. तिच्या वर्षी तिची वही संपूर्ण जिल्ह्यात नमुना म्हणून फिरली होती.

"या सर, टेका," नवघरे मॅडम म्हणाल्या. कार्यालयाच्या भिंतीलाही लाद्या होत्या.

प्रफुल्ल उभाच राहिला. त्याने नवा आलेख टेबलावर ठेवला. मॅडमनी जुना अहवाल शेजारी ठेवला आणि बराच वेळ दोन्हींकडे बघितलं.

"सर, खरं सांगू? हा नवा मला खोटा वाटतो."

"मी तीनदा केलाय."

"तेच. ४१.६ आणि एकदम २.१? असं कुठे असतं? रेघ बघा कशी पडलीय, कड्यावरून. आणि जुना बघा. ४१.६, ४१.२, ४१.९. किती नैसर्गिक आहे."

"तो मी बनवलाय, ऋतुजा."

नवघरे मॅडमनी दाराकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. "सर, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. एक वर, एक खाली. तुमचा हात मी ओळखत नाही का? पण मला वाटलं, उत्तर बरोबर आहे म्हटल्यावर तुम्ही नेहमीसारखी फक्त निरीक्षणं भरली असतील."

"उत्तरच चुकलंय."

"उत्तर आता अकरा हजार भिंतींवर बसलंय." त्या जरा थांबल्या. "योजना थांबवायची तर कारण लागेल. कारण म्हणजे तुमचं पत्र, की मी खोटी निरीक्षणं लिहिली. नोकरी जाईल सर. त्यापेक्षा १९ तारखेला बाबांना घेऊन कुठे थंड हवेच्या ठिकाणी जाऊन या ना. मी कोणाला बोलणार नाही."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांना थंड हवेच्या ठिकाणी नेण्याची योजना आपल्याकडे नाही," मॅडम म्हणाल्या. त्या चेष्टा करत नव्हत्या. तशी योजना आहे का ते त्यांनी संगणकावर खरंच पाहिलं होतं.

प्रफुल्ल घरी आला. मारोतरावांनी त्या दिवसाचं निरीक्षण वाचून दाखवलं. अठ्ठावीस पॉइंट एक. प्रफुल्लने कागद घेतला आणि लिहिलं, की मी सहीनिशी दिलेल्या अहवालातली दुसरी आणि तिसरी ओळ मी पाहिलेली नाही. एवढं एक वाक्य लिहायला त्याला दोन तास लागले. कारण हाताला सवय अशी, की तो आधी कागदाच्या तळाशी जाऊन सहीच करत होता.

पत्र ८ मेला पोहोचलं. ९ मेला प्रफुल्ल निलंबित झाला. १० मेला नगरपरिषदेने समिती नेमली. समितीने तातडीने ठरवलं की लादीची फेरचाचणी शासनमान्य प्रयोगशाळेत व्हावी. शासनमान्य प्रयोगशाळा एकच, आणि तिथे चाचणीचा अधिकार एकाच माणसाला, आणि तो निलंबित. तेव्हा निलंबनाचा निकाल लागेपर्यंत फेरचाचणी नाही, आणि फेरचाचणी होईपर्यंत निलंबनाचा निकाल नाही. पुढची बैठक २८ मेला.

प्रफुल्लने निदान आपला कूलर परत मिळावा म्हणून अर्ज केला. उत्तर आलं की कूलर डोंगराच्या तळाशी असल्याने, त्याच्या वर असलेल्या सर्व कूलरधारकांचं ना-हरकत पत्र जोडावं.

मग तो दारोदार फिरला. लाद्या उखडा, खिडक्या फोडा, ओल्या चादरी टांगा. लोक ऐकून घेत, त्याचा हात धरत, भिंतीपाशी नेत आणि त्याचा तळवा लादीवर ठेवत. लादी गार असे. आणखी एक आठवडा गार असणार आहे, हे त्यालाही माहीत होतं. शिवाय खोटं लिहिल्याबद्दल निलंबित झालेला माणूस, ही बातमी त्याच्या पुढे एक घर चालत होती.

पुष्पाबाईंनी मात्र त्याला बसवून सरगुंडे दिले.

"खिडकी तेवढी फोडू द्या मावशी."

"दंड लावते नगरपालिका. राहू दे."

"मग १९ तारखेला दुपारी आमच्याकडे या. आम्ही खिडकी काढलीय, बाबांनी पंख्यापुढे वाळ्याचा पडदा लावलाय."

"येतो ना. जेवतो, घडीभर पाठ टेकतो अन् चार वाजता येतो."

"जेवायलाच या."

"तुमी दोघं बाप्ये काय रांधता मले ठाऊक हाय. चार वाजता येतो म्हटलं ना."

वाळ्याच्या पडद्याचं काम मारोतरावांनी केलं होतं. प्रफुल्ल बादलीने पाणी मारत असताना त्याला गंमत वाटली, म्हणजे वाटावी अशी ती गोष्ट होती. पाणी तापवायला अंशामागे सव्वाचार ज्यूल लागतात. पण त्याच पाण्याची वाफ व्हायला लागतात दोन हजार दोनशेहून जास्त. लादीतली उष्णता घरातच बसून राहते. पडद्यातलं पाणी उठून जातं, आणि जाताना उष्णता घेऊन जातं. अकरा हजार घरांनी जाणारं देऊन बसणारं घेतलं होतं, आणि पावतीवर प्रफुल्लची सही होती.

१९ मेला बाहेर सत्तेचाळीस होतं. मारोतराव वही घेऊन भिंतीसमोर बसले. एक वाजता एकोणतीस. दीड वाजता तीस पॉइंट सहा.

"भरली," मारोतराव म्हणाले.

दोनला तेहेतीस. प्रफुल्ल उठला आणि पुष्पाबाईंची कडी वाजवली. आतून आवाज आला नाही; झोप लागली असेल, असं त्याला वाटलं. मग तो गल्लीत दारं वाजवत सुटला. काही दारं उघडली. माणसं गोंधळून, पाठ चोळत बाहेर येत होती. काहींनी खिडक्यांवर पाटा घातला. काहींनी, झोपमोड केल्याबद्दल, दार त्याच्या तोंडावर लावलं. परत येऊन त्याने पुन्हा पुष्पाबाईंची कडी वाजवली. चार वाजून गेले होते. शेवटी तो आणि मारोतराव दोघांनी मिळून खांद्याने दार पाडलं.

पुष्पाबाई पदर सैल करून भिंतीला टेकल्या होत्या, रोजच्यासारख्या. पायाशी डब्यात सरगुंडे बांधून ठेवलेले होते, न्यायचे म्हणून. मारोतरावांनी त्यांचा हात बघितला, नाकापाशी बोटं धरली. मग खिशातून तापमापी काढला, त्यांच्या पाठीमागच्या लादीला लावला आणि थांबले. पारा स्थिर होईपर्यंत ते नेहमीच थांबत.

"त्रेचाळीस पॉइंट दोन," ते म्हणाले. "चार वाजून दहा मिन्टं. लिव."

प्रफुल्लने लिहिलं. दोनचा आकडा नीट आला नाही. त्याने तो गिरवला नाही.

जूनमध्ये नगरपरिषदेचं पत्र आलं. शहराच्या नोंदीनुसार १९ मेचं तापमान सरासरीइतकं होतं. श्रीमती निमजे यांच्या मृत्यूचं कारण वार्धक्य. इतर सहा जणांचंही वार्धक्य, त्यांतला एक बत्तीस वर्षांचा. समितीने विशेष बाब म्हणून प्रफुल्लचं निलंबन एका दिवसापुरतं उठवलं होतं, फेरचाचणीसाठी. सोबत तक्ता होता. तिन्ही ओळींत उत्तराचा रकाना आधीच छापून आला होता: ४१.५, ४१.५, ४१.५. निरीक्षणांचा रकाना कोरा. त्याखाली पेन्सिलीने नवघरे मॅडमच्या सुबक अक्षरांत लिहिलं होतं, "सर, एक वर, एक खाली. मग तुम्ही परत कामावर."

प्रफुल्लने तक्ता बाबांपुढे ठेवला. मारोतरावांनी तो वाचला, परत दिला आणि आपली वही त्याच्यावर ठेवली. दोन वाजत आले होते, ते तापमापीकडे वळले.

प्रफुल्लने निरीक्षणांच्या रकान्यात वहीतले आकडे उतरवले, जसे होते तसे, वेळेसह. रकाना पुरला नाही. तेव्हा त्याने मागच्या बाजूला अर्ज लिहिला:

प्रति, मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद, वेणापूर.

विषय: १९ मेची निरीक्षणे जशी आली तशी ठेवण्याबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून सादर करतो की, सोबतची निरीक्षणे दिसायला वाईट असली तरी माझ्या वडिलांनी व मी स्वतः पाहिलेली आहेत. त्यांतील एकावरही काट मारलेली नाही. तरी यापुढे सर्व तक्त्यांत व सर्व शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगवह्यांत उत्तराचा रकाना निरीक्षणांनंतर छापण्यात यावा व तोपर्यंत तो कोरा ठेवण्यात यावा. तसेच श्रीमती पुष्पाबाई निमजे यांच्या मृत्यूच्या नोंदीत कारणापुढील 'वार्धक्य' हा शब्द खोडून तेथे ४३.२ अंश सेल्सिअस, दुपारी ४ वाजून १० मिनिटे, असे लिहिण्यात यावे, ही नम्र विनंती.